क्रमवारीच्या आतलं टेनिस (भाग ५) : दातेची दुसरी खेळी

गेल्या भागात आपण पाहिलं, की डब्ल्यूटीए क्रमवारीतला प्रत्येक गुण ५२ आठवड्यांचा पाहुणा असतो. मग जी खेळाडू दहा-बारा वर्षं कोर्टावर उतरलीच नाही, तिच्या खात्यात काय उरतं? शून्य. किमिको दाते २००८ मध्ये परतली ती या शून्यावरून.

क्योतोची ही मुलगी जन्माने डावखुरी, पण खेळायची उजव्या हाताने. १९९५ मध्ये ती जगात चौथी होती. पुढच्या वर्षी विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत तिने स्टेफी ग्राफकडून एक सेट घेतला, तेवढ्यात अंधार पडला. उरलेला सामना दुसऱ्या दिवशी झाला आणि ग्राफ जिंकली. त्याच वर्षाअखेरीस, पहिल्या दहांत असतानाच, दातेने निवृत्ती घेतली. तेव्हा ती २६ वर्षांची होती.

परतली तेव्हा वय होतं ३७. तिचा तेव्हाचा नवरा मिखाएल क्रुम हा जर्मन मोटारशर्यतपटू, आणि पुन्हा खेळ म्हणून मागे लागला तोही तोच. सुरुवात झाली जपानमधल्या छोट्या स्पर्धांपासून. नाव मोठं, पण क्रमांकच नसला की मुख्य ड्रॉचं दार सहसा पात्रता फेऱ्यांतूनच उघडतं. २००९ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये ती अशीच शिरली. त्याच सप्टेंबरात, ३९व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, तिने सेऊलची स्पर्धा जिंकली.

याला सगळे जिद्द म्हणतात. जिद्द होतीच, पण मला वाटतं खरं उत्तर तिच्या फटक्यात आहे. दाते टप्पा पडून वर येणारा चेंडूच मारायची, सपाट आणि रॅकेट फारशी मागे न नेता. यात वेग आपल्याला निर्माण करावा लागत नाही, समोरचीचाच वापरता येतो. शिवाय समोरचीला सावरायला वेळ मिळत नाही. अशा खेळाला दंडातल्या ताकदीपेक्षा नजर आणि अंदाज जास्त लागतो, आणि या दोन गोष्टी पायांइतक्या लवकर थकत नाहीत. म्हणून तर २०११ च्या विम्बल्डनमध्ये व्हीनस विल्यम्ससारख्या तोफेला तिने तिसऱ्या सेटमध्ये ८-६ पर्यंत झुंजवलं. सर्व्हिस मात्र शेवटपर्यंत हलकीच राहिली, आणि दुखापतींनीही पाठ सोडली नाही.

पुण्याच्या टेनिसप्रेमींनी हा खेळ जवळून पाहिला आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बालेवाडीत डब्ल्यूटीए १२५ दर्जाची स्पर्धा झाली, हा दर्जा त्याच वर्षी सुरू झालेला. अंतिम सामन्यात ४२ वर्षांची दाते आणि १८ वर्षांची एलिना स्वितोलिना. दाते २-६, ३-६ अशी हरली. दोनच महिन्यांनी मेलबर्नमध्ये तिने बाराव्या मानांकित नादिया पेत्रोव्हाला ६-२, ६-० असं धुतलं.

आकड्यांत पाहिलं तर ही दुसरी खेळी बेताचीच. एकेरीचं मोठं विजेतेपद एकच, ग्रँड स्लॅममध्ये तिसऱ्या फेरीपलीकडे मजल नाही. तरी पहिलीपेक्षा मला हीच पाहावीशी वाटते. २०१७ मध्ये, ४६व्या वर्षी, ती थांबली.

दुखापतीमुळे किंवा बाळंतपणासाठी बाहेर राहिलेल्या खेळाडूला जुना क्रमांक दाखवून काही स्पर्धांत प्रवेश घेता येतो. स्वतःहून निवृत्त झालेल्या दातेला ही सोय नव्हती. ही सोय कोणाला मिळते, किती काळ टिकते आणि मानांकनावरून तिच्याबद्दल वाद का झाले, ते पुढच्या भागात.