आयीची मोहरी आणि आमचा पंप

शांघायला गेल्यावर मी शिकलेला पहिला चिनी शब्द होता ‘आयी’. म्हणजे मावशी. शेजारपाजारच्या कुठल्याही वयस्क बाईला मुलं आयीच म्हणतात. माझी आठ वर्षांची लेक मात्र बावचळली. “आई, मी तुला हाक मारली की त्याच का बघतात?”

यजमानांच्या नोकरीमुळे २००९ ते २०१२ अशी तीन वर्षं आम्ही तिथे होतो. समोरच्या दारातली आयी कापड गिरणीतून निवृत्त झालेली. माझं चिनी मोडकं, तिला इंग्रजी शून्य. पण बायकांचं कुठे भाषेवाचून अडतं? फ्रीजमधलं पाणी पोरीला देताना तिने मला पाहिलं आणि सरळ हातातून बाटलीच काढून घेतली. तिच्या घरी बारा महिने कोमट पाणी. उन्हाळ्यात तर हमखास मुगाचं कढण, आपल्यासारखंच हिरव्या मुगाचं, फक्त साखर घातलेलं. आणि वसंतात ऊन पडलं म्हणून स्वेटर काढायची घाई नाही, शरदात गार वारं सुटलं म्हणून घालायचीही घाई नाही!

हे सगळं तिच्या कॅलेंडरवर चालायचं. चिनी पंचांगात वर्षाचे चोवीस भाग असतात, साधारण पंधरा-पंधरा दिवसांचे. २०१६ साली युनेस्कोनेही त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्यांच्या वैद्यकात वसंत लाकडाचा आणि यकृताचा, उन्हाळा अग्नीचा आणि हृदयाचा, उन्हाळ्याची अखेर मातीची आणि प्लीहेची, शरद धातूचा आणि फुप्फुसाचा, हिवाळा पाण्याचा आणि मूत्रपिंडाचा. अंगात ‘छी’ नावाची प्राणशक्ती फिरते, यिन म्हणजे गारवा, यांग म्हणजे ऊब, आणि ऋतूप्रमाणे दोन्हींचा तोल राखायचा. आपली ऋतुचर्या ऐकून वाढलेल्या मला हे परकं वाटलं नाही. अर्थात त्यांचं ‘मूत्रपिंड’ म्हणजे सोनोग्राफीत दिसतं तेवढंच नव्हे, आणि छी कुठल्या यंत्रावर मोजता येत नाही, हेही लक्षात ठेवलेलं बरं.

तर मुद्दा लेकीचा. तिला दमा. थंडी सुरू झाली की रात्र-रात्र मांडीवर घेऊन बसायचं. शांघायमध्ये तर उत्तर चीनसारखी घरं तापवायची सरकारी सोय नाही, भिंतीतून गारठा येतो. आयीने ते धापा टाकणं भिंतीपलीकडून ऐकलं होतं. २०१० च्या जुलैत ती मला म्हणाली, “सानफू येतंय. चल.”

सानफू म्हणजे वर्षातले सर्वांत उकाड्याचे तीस-चाळीस दिवस, जुलैच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत. हिवाळ्यातलं दुखणं उन्हाळ्यात बरं करायचं, असा त्यांचा हिशेब. अंगात यांग भरपूर असताना उपचार केला की तो आत मुरतो म्हणे. पांढऱ्या मोहरीची पूड, आणखी काही औषधी आणि आल्याचा रस कालवून छोट्या टिकल्या करतात आणि पाठीवर ठरावीक बिंदूंवर चिकटवतात. साधारण दहा दिवसांच्या अंतराने, तीन वेळा. आजीचं मोहरीचं पोटीस आठवून मला तर हसूच आलं. पण रुग्णालयाबाहेरची रांग पाहून हसू पळालं. पहाटेपासून आज्या नातवंडांना घेऊन उभ्या! लेकीची पाठ लालबुंद झाली, दुसऱ्या वेळी एक फोडही आला. डॉक्टरीणबाईंनी मुलांना ठेवायची वेळ कमी असते असं सांगून टिकल्या लवकर काढल्या. आणि जाताना बजावलं की रोजचा पंप चालू ठेवायचा.

मैत्रिणींनो, इथे माझं चुकलं. ऑगस्ट छान गेला, सप्टेंबर छान गेला. पोर जिने धावत चढायला लागली. पंपातल्या स्टिरॉइडची धास्ती मनात होतीच, सासूबाईही फोनवर म्हणायच्या, “किती दिवस देणार गं ते?” सप्टेंबरच्या शेवटी मी कुणालाही न विचारता पंप कपाटात ठेवला. यजमानांनासुद्धा सांगितलं नाही. उन्हाळ्यात तिला तसाही त्रास नसायचा, हे मी सोयीने विसरले.

तो पंप श्वासनलिकेची सूज दाबून ठेवतो. बंद केला की दुसऱ्या दिवशी काही होत नाही, सूज हळूहळू परत येते. आमच्याकडे ती नोव्हेंबरात आली, रात्री दोन वाजता. ओठ निळसर, बोलताना एकेक शब्द तुटत होता. टॅक्सी आयीनेच थांबवली. नेब्युलायझर, ऑक्सिजन, दोन दिवस दवाखाना. पंप मीच बंद केला हे कळल्यावर ती जे ओरडली ते मला भाषेविना समजलं. मग शांत होऊन म्हणाली, “माझा नवरा दहा वर्षं टिकल्या लावतो. पंप त्याच्या खिशात असतो. तुला कुणी सांगितलं सोडायला?”

कुणीच नव्हतं सांगितलं. टिकल्यांनी दमा बरा होतो असा पक्का पुरावा आजही नाही. पुढच्या वर्षी आम्ही त्या लावल्या नाहीत. आयीला राग आला नाही.

जाता जाता एक. ‘चिनी जडीबुटी’ची वजन घटवायची गोळी कुणी दिली तर घेऊ नका. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये अशाच गोळ्यांतल्या चुकीच्या वनस्पतीने शंभरेक बायकांची मूत्रपिंडं निकामी केली होती. आणि बायकांचं रक्त वाढवणारं म्हणून विकलं जाणारं ‘अच्याओ’ हे गाढवाच्या कातड्याचं असतं. आयीने प्रेमाने दिलेला त्याचा डबा मी महिनाभर जपून ठेवला होता, नशीब उघडला नव्हता!

लेक आता पुण्यात नोकरी करते. पर्समध्ये पंप असतोच. शरदात घसा कोरडा पडला की आयीकडून शिकलेली नाशपती ती अजून करते. मधला गाभा काढायचा, त्यात खडीसाखर भरायची, इडलीपात्रात अर्धा तास वाफवायची. परवा फोनवर म्हणाली, “आई, जमली गं. पण आयीसारखी नाही.”