दुबईला निघालात? लाडवातली खसखस घरीच राहू द्या

कॉटन ग्रीन (मुंबई) : गावाकडनं दुबईला कामाला निघालेली पोरं विमानाच्या आदल्या रात्री मुंबईत पाहुण्यांकडं उतरतात. पिशवीत आईनं बांधून दिलेले डिंकाचे लाडू असतात. त्यात खसखस असेल तर ते इथंच ठेवा.

खसखस अफूच्या बोंडातनं निघते. आपल्याकडं ती किराणा दुकानात मिळते. संयुक्त अरब अमिरातीत मात्र तिच्यावर बंदी आहे. सापडली तर तुरुंगाची पाळी येऊ शकते. तयार मसाल्याची पुडीही वाचून घ्या.

ट्रामाडॉल, कोडीन असलेली औषधं तिथल्या परवानगीशिवाय नेऊ नका. बायकांचे फोटो काढू नका. व्हॉट्सॲपवर दिलेली शिवीसुद्धा तिथं गुन्हा ठरते. व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदा आहे.

आईला आधीच सांगा, लाडू बिनखसखशीचे बांध.