वर्गणी भरली, मग भाडं कशाचं?

रविवारी संध्याकाळी घरातले सगळे टीव्हीसमोर बसतात, हवा तो सिनेमा सापडतो, आणि बटण दाबल्यावर समोर येतं, 'भाड्याने घ्या, ₹149'. मग ते ठरलेलं वाक्य ऐकू येतं, "वर्षाची वर्गणी भरलीये ना आपण? मग हे पुन्हा पैसे कसले मागतात? लूट चाललीये नुसती!" ऑफिसात डबा खाताना, सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर, लग्नाच्या पंगतीत हेच वाक्य इतक्यांदा कानावर पडलंय की त्याला एकदा नीट उत्तर द्यायलाच हवं. घरबसल्या सिनेमा बघण्याच्या या धंद्यात ग्राहकावर अन्याय होणाऱ्या जागा आहेत. भाड्याचं बटण मात्र त्यातलं नाही.

प्राइम व्हिडिओ उघडून नीट पाहा. काही सिनेमांवर निळी बरोबरची खूण असते, काहींवर पिवळी पिशवी. निळी खूण म्हणजे हा सिनेमा तुमच्या वर्गणीत आहे. पिवळी पिशवी म्हणजे हा दुकानातला माल आहे, त्याचे पैसे वेगळे. ॲप एक आणि पडदा एक असल्यामुळे हे सगळं एकच आहे असं वाटतं, पण व्यवहार दोन आहेत. जिमखान्याचं सभासदत्व आहे म्हणून तिथल्या कँटीनमधला चहा फुकट मिळत नाही, आणि त्याला कोणी लूटही म्हणत नाही.

दोन व्यवहारांत फरक काय? वर्गणीत दाखवायचा सिनेमा कंपनी निर्मात्याकडून ठरावीक मुदतीसाठी घेते. त्यासाठी मोठी रक्कम मोजते आणि बहुतेक वेळा 'दुसऱ्या कोणाच्या वर्गणीत हा दिसता कामा नये' अशी अटही घालते. मुदत संपली की सिनेमा तिथून जातो. "परवापर्यंत होता, आज कुठे गेला?" या तक्रारीचं उत्तर यातच आहे. भाड्याच्या व्यवहारात कंपनी आगाऊ रक्कम देऊन सिनेमा स्वतःपुरता बांधून घेत नाही. तो दुकानात ठेवते, प्रेक्षक भाडं देतो, आणि त्या भाड्यातला वाटा निर्मात्याकडे किंवा वितरकाकडे जातो. म्हणूनच एकच सिनेमा प्राइम व्हिडिओ, यूट्यूब, ॲपल टीव्ही आणि बुकमायशो स्ट्रीम अशा चार ठिकाणी एकाच वेळी भाड्याने मिळू शकतो.  

हे कोरडं वाटत असेल तर 'ओपनहायमर' घ्या. तो 21 जुलै 2023ला चित्रपटगृहांत आला. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात भारतात भाड्याने मिळू लागला, प्राइम व्हिडिओवर ₹149ला. तेव्हा लोक खवळले, "आम्ही प्राइमचे सभासद, आम्हालाही ₹149?" पुढे 21 मार्च 2024ला तो भारतात वर्गणीदारांना मिळाला, पण जिओसिनेमाच्या! म्हणजे प्राइमकडे वर्गणीत दाखवायला तो सिनेमा त्या काळात नव्हताच. जे त्यांनी घेतलेलंच नाही ते वर्गणीत कुठून देणार? दुकानात ठेवायची परवानगी होती, तेवढीच त्यांनी वापरली. त्या चार महिन्यांत कायद्याने घरी बसून तो सिनेमा बघायचा असेल, तर वेगळे पैसे मोजण्याशिवाय दुसरी वाट नव्हती.

आता उलटं उदाहरण, कारण रागावणाऱ्यांचं एक म्हणणं खरं आहे. 'स्त्री 2' 15 ऑगस्ट 2024ला प्रदर्शित झाला, सप्टेंबरअखेर प्राइमवर ₹349 भाड्याने आला आणि जेमतेम दोन आठवड्यांत त्याच प्राइमच्या वर्गणीत आला. इथे ₹349 हे घाई असलेल्या माणसाकडून घेतलेले पैसे आहेत. घरात दहाजण जमणार असतील आणि चित्रपटगृहाची दहा तिकिटं वाचणार असतील तर खुशाल द्या. एकट्याने बघायचा असेल तर पंधरा दिवस थांबा. त्यासाठी एक साधी खूण आहे. सिनेमा सुरू होताना 'डिजिटल पार्टनर' म्हणून ज्या कंपनीचं नाव झळकतं, तिच्या वर्गणीत तो पुढे येणार हे जवळपास नक्की असतं. तीच वर्गणी तुमच्याकडे असेल तर भाडं भरायची गरज नाही.

तिसरा प्रकार आमिर खानने केला. 'सितारे ज़मीन पर' 20 जून 2025ला चित्रपटगृहांत आला, आणि त्याने तो कोणाच्याच वर्गणीत न देता 1 ऑगस्टपासून यूट्यूबवर ₹100 भाड्याने ठेवला. लगेच प्रश्न सुरू झाले, "माझ्याकडे यूट्यूब प्रीमियम आहे, मला का पैसे?" उत्तर तेच. यूट्यूब प्रीमियम म्हणजे जाहिराती बंद, डाउनलोडची आणि पडदा बंद करून ऐकण्याची सोय. त्यात भाड्याचे सिनेमे येत नाहीत.

याच सिनेमाच्या वेळी आणखी एक गोष्ट उघड झाली, आणि तुलना करणाऱ्याने ती लक्षात ठेवायला हवी. ज्यांनी आयफोनवरच्या यूट्यूब ॲपमधून सिनेमा घ्यायला सुरुवात केली त्यांना ₹100च्या जागी ₹179 दिसले. सिनेमा तोच, यूट्यूब तेच, फोन फक्त वेगळा. ॲपलच्या उपकरणांवर ॲपच्या आत केलेली खरेदी ॲपलच्या पेमेंट यंत्रणेतून जाते, आणि त्यातून हा फरक पडला. निर्मात्यांनी जाहीर माफी मागून दुरुस्तीचं आश्वासन दिलं. यावर कायमचा उपाय आपल्या हातात आहे. पैसे भरायचं काम ब्राउझरमध्ये करा, मग त्याच खात्याने टीव्हीवर किंवा फोनवर सिनेमा लावा. भाडं खात्याला लागतं, उपकरणाला नाही.

या मुख्य गैरसमजाचं एक धाकटं भावंड आहे, "भाड्याने घ्यायला आधी वर्गणी भरावी लागते." साफ चूक. प्राइम व्हिडिओने 2022च्या एप्रिलमध्ये भारतात भाड्याचं दुकान उघडलं तेव्हापासून ते सभासद नसलेल्यांनाही खुलं आहे, अ‍ॅमेझॉनचं साधं खातं पुरतं. यूट्यूबला गूगलचं खातं, ॲपल टीव्हीला ॲपलचं, बुकमायशोला तिकिटं काढता तेच. हे माहीत नसल्यामुळे कित्येक घरांत एका सिनेमासाठी वर्षाची वर्गणी भरली जाते, ती आपोआप नूतनीकरण होत राहते, आणि वर्षभरात त्या ॲपवर दुसरं काहीच बघितलं जात नाही.

इथे हिशेब मांडूनच दाखवायला हवा. नेटफ्लिक्सने 2021च्या डिसेंबरमध्ये भारतातले दर उतरवले तेव्हा स्टँडर्ड योजना महिना ₹499 झाली, म्हणजे वर्षाला ₹5,988. त्या पैशात ₹149 दराचे 40 सिनेमे भाड्याने येतात. महिन्याला एकच सिनेमा नीट ठरवून बघणाऱ्याचे वर्षाचे ₹1,788 होतात. "भाडं महाग पडतं" हे दुसरं लाडकं वाक्य म्हणताना कोणी ही बेरीज केलेली नसते. ज्या घरात रोज मालिका, वेबसिरीज, मुलांची कार्टून चालतात तिथे वर्गणीच स्वस्त, यात वाद नाही. पण ज्या घरात फक्त सिनेमे बघितले जातात आणि तेही मोजके, तिथे तीन-तीन वर्गण्या चालू ठेवणं हा खरा खर्च आहे. त्यात एक मुद्दा अलीकडे वाढलाय. 17 जून 2025पासून प्राइम व्हिडिओने भारतात वर्गणीतल्या कार्यक्रमांमध्ये जाहिराती सुरू केल्या. त्या नको असतील तर वर्षाला आणखी ₹699. भाड्याने घेतलेल्या सिनेमात मधे जाहिरात येत नाही.

आता घड्याळाकडे. "48 तासांत बघितला नाही, पैसे गेले" ही तक्रार करणाऱ्या अनेकांचे पैसे गेलेलेच नसतात, त्यांनी पुन्हा उघडून पाहिलेलं नसतं. वर सांगितलेल्या चारही दुकानांत सर्वसाधारण पद्धत अशी: पैसे भरल्यापासून 30 दिवसांत सिनेमा सुरू करायचा, आणि सुरू केल्यापासून 48 तासांत संपवायचा. 48 तास पैसे भरल्यापासून मोजत नाहीत. पण एकदा सुरू केलात की मधे थांबवलं, टीव्ही बंद केला, वीज गेली तरी ते थांबत नाहीत. "चालतंय का ते बघू" म्हणून शुक्रवारी रात्री दोन मिनिटं लावून बघितलेला सिनेमा सोमवारी सकाळी मिळणार नाही. तपासायचं असेल तर ट्रेलर लावा, त्याने घड्याळ सुरू होत नाही. त्या 48 तासांत तोच सिनेमा कितीही वेळा बघता येतो, हेही अनेकांना ठाऊक नसतं. मुदत सिनेमागणिक बदलू शकते, म्हणून पैसे भरण्याआधी त्याच पानावर लिहिलेली ओळ वाचायची.

चित्राच्या दर्जाबद्दलही असाच घोळ आहे. "एचडीचे पैसे भरले आणि चित्र धुरकट, म्हणजे कंपनीने फसवलं." कधी इंटरनेट कमी पडतं, हे सगळ्यांना कळतं. न कळणारं कारण फोनमध्ये असतं. चोरी टाळण्यासाठी सिनेमा कुलूपबंद स्वरूपात येतो, आणि अँड्रॉइडवर ते कुलूप उघडण्याचं काम वाइडवाइन नावाची यंत्रणा करते. फोनला तिची एल-1 पातळी असेल तर एचडी मिळतं. एल-3 असेल तर बहुतेक सेवा 480पीच्या वर चढत नाहीत, पडदा कितीही भारी असो. फोनची पातळी दाखवणारी छोटी ॲप प्ले स्टोअरवर फुकट आहेत, किंवा नेटफ्लिक्सच्या ॲपमध्ये 'प्लेबॅक स्पेसिफिकेशन'मध्ये ती दिसते. एल-3 निघाली तर एचडीचे जास्तीचे पैसे भरू नका. लॅपटॉपच्या ब्राउझरवर बघणार असाल तर 4केचे भरू नका.

आणि आता ती अन्यायाची जागा. बटणावर 'भाड्याने घ्या' लिहिलेलं असतं तेव्हा कंपनी खरं बोलत असते. शेजारच्या बटणावर 'विकत घ्या' असतं, तिथे गडबड आहे. ₹500-600 भरून घेतलेला डिजिटल सिनेमा डीव्हीडीसारखा तुमचा होत नाही. तुम्हाला मिळतो तो बघण्याचा परवाना, आणि कंपनीचा निर्मात्याशी करार संपला तर तो अडचणीत येऊ शकतो. 2023च्या डिसेंबरात सोनीने प्लेस्टेशनच्या ग्राहकांना कळवलं होतं की त्यांनी विकत घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम वर्षअखेर काढले जातील. ओरड झाली, करार वाढवला गेला आणि निर्णय मागे घेतला. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला: 1 जानेवारी 2025पासून तिथे डिजिटल वस्तूला 'विकत घ्या' म्हणायचं असेल तर हा फक्त परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. आपल्याकडेही तेवढी एक ओळ सक्तीची व्हायला हवी. तोवर एक-दोनदाच बघायचा सिनेमा विकत घेण्यात अर्थ नाही, भाडं बरं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. सगळीकडे भाडं सारखंच असतं? नाही, तोच सिनेमा वेगवेगळ्या दुकानांत वेगळ्या दराने असतो, जस्टवॉच या साइटवर एका ठिकाणी तुलना दिसते. सिनेमा तोच म्हणजे भाषाही त्याच? नाही, एकीकडे हिंदी डब असतं, दुसरीकडे फक्त इंग्रजी, आणि कमी ऐकू येणाऱ्या आईवडिलांसाठी सबटायटल हवी असतील तर पैसे भरण्याआधी तेही तपासावं लागतं. डाउनलोड केला की मुदत लागत नाही? लागते, तीच. मुलाकडे अमेरिकेत जाऊन बघू? हक्क देशानुसार विकले जातात. इथल्या खात्यावरचा भाड्याचा सिनेमा तिथे अडू शकतो, निघण्याआधी बघून घ्या.

शेवटचा गैरसमज सगळ्यात त्रासदायक आहे. "टेलिग्रामवर लिंक आलीये, ती पुढे पाठवली तर काय बिघडतं?" सिनेमॅटोग्राफ कायद्यात 2023ला झालेल्या दुरुस्तीनंतर सिनेमाचं चोरून चित्रीकरण करणं आणि तशी प्रत नफ्यासाठी लोकांना दाखवणं यासाठी किमान तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड आहे; दंड निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. पण शिक्षेच्या भीतीपेक्षा वेगळी गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मोठ्या हिंदी सिनेमाला चोरीचा फटका बसतो आणि तो उभा राहतो. मराठी सिनेमाला चित्रपटगृहात खेळ मिळायची मारामार, वर्गणीवाल्या कंपन्या त्याच्यासाठी हात आखडता घेतात. त्याच्या निर्मात्याला प्रेक्षकाकडून थेट पैसा मिळायच्या ज्या थोड्या वाटा उरल्यात, त्यात भाडं ही एक आहे. पुढच्या वेळी गटावर मराठी सिनेमाची लिंक आली की ती पुढे ढकलण्याआधी तो सिनेमा कुठे भाड्याने आहे का ते शोधा, आणि असेल तर त्या दुकानाची लिंक पाठवा.