जीव घाबरा होतो तेव्हा

कापूरहोळला एसटीनं हायवे सोडला आणि माझ्या छातीत धडधडायला लागलं. हातापायांना मुंग्या, तोंडाला कोरड, श्वास पुरेना. शेजारच्या मावशींनी खिडकी सरकवली, पाण्याची बाटली पुढं केली आणि निदानही करून टाकलं, "पित्त असंल, उलटी होऊ दे." भोरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा पाय लटपटत होते, एवढंच. दवाखान्यातला ईसीजी साफ निघाला.

याला डॉक्टर पॅनिक अटॅक म्हणतात. आपल्याकडं ‘जीव घाबरा होणं’ हा नेमका शब्द आहे. नेमके नाहीत ते त्याला चिकटलेले समज.

‘हा हार्ट अटॅकच.’ पॅनिकची भीती साधारण दहा मिनिटांत टोक गाठते आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरते. पण हे घरबसल्या ठरवायचं नाही. पहिल्यांदाच छातीत दुखलं, चढ चढताना दुखलं, कळ हाताकडं किंवा जबड्याकडं गेली, तर सरळ १०८ ला फोन. हृदय ठीक निघालं तरी थायरॉईड, रक्तातली साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. त्यांच्या बिघाडातही धडधड होते.

‘श्वास कमी पडतोय.’ उलट, जास्त होतो. भराभर श्वास घेतल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. मुंग्या, गरगरणं, बोटं आखडणं त्यातूनच येतं. म्हणून श्वास सोडायचा तो सावकाश, घेण्यापेक्षा लांब. तोंडाला कागदी पिशवी लावायचा सल्ला जुना झाला; दमा किंवा हृदयविकार असेल तर तो धोक्याचा आहे.

‘कारण नसताना होतं, म्हणजे बाहेरचं आहे.’ असा झटका शांत बसलेल्या माणसाला येतो, गाढ झोपेतही येतो. मग लिंबू उतरवलं जातं, देवऋषी गाठला जातो आणि विसाव्या मिनिटाला बरं वाटतं. वाटणारच, झटका तेव्हा ओसरणारच होता! अंगारा लावण्यावरून मी कुणाशी भांडत नाही. मात्र भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

‘जिथं झालं तिथं जायचंच नाही, म्हणजे त्रास संपेल.’ सगळ्यात महाग पडणारा समज हा. झटका अर्ध्या तासात जातो, त्याची धास्ती मात्र मुक्काम करते. आधी वरंध घाट सुटतो, मग एसटी, मग जत्रेतली गर्दी, शेवटी आठवडे बाजारालाही सोबत लागते. वेल्ह्याच्या माणसाला नसरापूरपर्यंत जाणं जड झालं, तर कॉलेज, नोकरी, मोठा दवाखाना सगळंच लांब पडतं. टाळलं की क्षणभर सुटल्यासारखं वाटतं, आणि मेंदू समजतो की धोका खराच होता. यावरची मानसोपचाराची पद्धत याच्या नेमकी उलट चालते: थोडं थोडं करून तिथंच जायचं, धडधड सुरू झाली तरी उतरायचं नाही, ती आपोआप ओसरते हे अनुभवायचं. मी आधी एकच स्टॉप गेलो, मग दोन. महिनाभरानं पुणं-भोर पुरतं केलं. मधे एकदा झटका आलाच, बसून राहिलो. निघण्याआधीचा कडक चहाही सोडला, कॅफिननं धडधड वाढते.

‘गोळ्यांची सवय लागते.’ सरसकट नाही. यासाठी सहसा दिल्या जाणाऱ्या नैराश्यविरोधी गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. त्यांची नशा नसते, पण त्या मनानंच एकदम बंद करायच्या नाहीत. सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या गोळीची. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून ती आणत राहणं बंद करा.

पुण्याला मानसोपचारतज्ज्ञाकडं जायला एक दिवस मोडतो, हे खरं. तोवर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे: फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. घरात रेंज नसेल तर जिथं येते त्या टेकाडावर जाऊन लावा, पण लावा.