सहरीच्या वेळी मोबाइलवर काय वाचले जाते?

रमजानमध्ये यावलच्या मोहल्ल्यांत पहाटे दिवे लागतात. सहरी आटोपते, मुले झोपलेली असतात आणि फजरच्या अजानपर्यंत आई-वडिलांना थोडी निवांत घटका मिळते. तेव्हा हातात मोबाइल येतो. बाळ अंगावर पीत असताना रोजा ठेवावा का? मुलाचा ताप का उतरत नाही? दहावीच्या पेपरला रोजा झेपेल का? २०२५ चा रमजान २ मार्चला सुरू झाला आणि दहावीची परीक्षा १७ मार्चपर्यंत चालली. तेव्हा हा शेवटचा प्रश्न अनेक घरांत होता.

एखादी गोष्ट एकदा वाचली तर ती माहिती. तीच गोष्ट शब्द बदलून रात्रीतून चार वेळा शोधली तर ती घालमेल. तोंडाने मात्र आपण ‘सब ठीक है’ म्हणत राहतो.

मायक्रोसॉफ्टचे संशोधक रायन व्हाइट आणि एरिक हॉर्विट्झ यांनी २००८ मध्ये इंटरनेटवरील आजारांविषयीच्या शोधाचा अभ्यास मांडला. साध्या डोकेदुखीपासून सुरू झालेला शोध गंभीर, पण क्वचितच होणाऱ्या आजारापर्यंत जाऊ शकतो, असे त्यांना दिसले. वाचून धीर यायचा तिथे भीतीच वाढते. मोबाइलला बाळ दिसत नाही, डॉक्टरांना दिसते.

अशी काळजी वाटली म्हणून कुणाचे ईमान कमी ठरत नाही. तान्ह्या हजरत इस्माईलसाठी पाणी शोधताना बीबी हाजरा सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात वेळा धावल्या. एका आईची ती तगमग आज हजचा भाग आहे. आपली धावपळ बोटांनी होते, त्यामुळे घरात ती कुणाला दिसत नाही.

म्हणून इफ्तारनंतर एकमेकांना विचारा, ‘रात्री काय वाचत होतीस?’, ‘झोप का लागली नाही?’ मोबाइल हिसकावून तपासू नका, त्याने संशयच वाढेल. तापाचे डॉक्टरांना विचारा, रोज्याचे आलिमांना. स्वतःच्या किंवा बाळाच्या तब्येतीची भीती असेल, तर अंगावर पाजणाऱ्या आईला रोजा पुढे ठेवण्याची सवलत शरीअतमध्ये आहे. मन फारच बेचैन असेल, तर ‘टेलि-मानस’ ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

अल्लाह प्रत्येक घराला आफियत देवो.