गंजिफा : हाताने रंगविलेली खेळाची पाने

पत्त्यांचा जोड म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे छापील, चौकोनी, बावन्न पानांचा संच उभा राहतो. परंतु हा संच पाश्चात्त्य लोकांबरोबर आपल्याकडे आला. त्यापूर्वी आपल्या देशात जी पाने खेळली जात, ती बहुधा वाटोळी असत आणि त्यांतील प्रत्येक पान हाताने रंगविलेले असे. त्या पानांना आणि त्या खेळाला गंजिफा म्हणतात.

हा खेळ इराणातून मोगलांबरोबर हिंदुस्थानात रुजला. बाबराने 1527 साली सिंधच्या शाह हसनाकडे, त्याच्या मागणीवरून, गंजिफा पाठविल्याची नोंद आपल्या आत्मचरित्रात केली आहे. पुढे अबुल फजलने ‘आईने अकबरी’त अकबराच्या दरबारातील गंजिफांचे वर्णन केले. मोगली संचात आठ रंग आणि प्रत्येक रंगात बारा पाने, अशी एकूण 96 पाने असत. मुकुट, तलवार, नाणे अशी राजदरबारातील चिन्हे त्यांवर काढलेली असत.

परका खेळ आपलासा कसा करावा, याचा उत्तम पाठ आपल्या पूर्वजांनी येथे घालून दिला आहे. त्यांनी खेळाची रचना राखली आणि चिन्हे मात्र आपल्या घरची घेतली. दशावतारी गंजिफांत दहा अवतारांचे दहा रंग व 120 पाने असतात. मत्स्याचे चिन्ह मासा, कूर्माचे कासव, वामनाचे कमंडलू, परशुरामाचा परशू. प्रत्येक रंगात राजा आणि प्रधान ही दोन चित्रांची पाने व एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने असतात. बंगालमधील विष्णुपूरच्या कारागिरांनी नवव्या अवताराच्या जागी जगन्नाथाला बसविले. म्हैसूरचे मुम्मडी कृष्णराज वडियार यांनी तर एकोणिसाव्या शतकात स्वतःच नवनवे संच रचले.

महाराष्ट्रात ही कला कोकणच्या दक्षिण टोकाला, सावंतवाडी येथे चितारी मंडळींनी जोपासली. छापील पत्ते स्वस्त झाले, तसे तिचे गिऱ्हाईक ओसरले. विसाव्या शतकाच्या मध्यास तर ती लोप पावण्याच्या बेतात आली होती. तेव्हा सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी 1971 च्या सुमारास एका वृद्ध कारागिराकडून ती विद्या समजावून घेतली, राजवाड्यात काम सुरू केले आणि तरुणांना शिकविले. म्हणूनच सावंतवाडीची गंजिफा आजही पाहावयास मिळते.

आता पान घडते कसे ते पाहू. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्यांच्या खळीने एकावर एक चिकटवून ते वाळवितात. त्यावर खडूचा लेप देऊन गुळगुळीत दगडाने घोटतात. मग वाटोळ्या चकत्या कापतात, रंगाची भूमी देतात, बारीक कुंचल्याने चिन्हे काढतात आणि शेवटी लाखेचा हात देतात. पान वाटोळे असल्याने त्याला वरची-खालची बाजू अशी नसते. भूमीचा रंग पाहताच पान कोणत्या अवताराचे ते कळते आणि चिन्हे मोजताच त्याची किंमत कळते. तेव्हा येथील सौंदर्य आणि उपयोग ही एकाच कुंचल्यातून उतरली आहेत, असे म्हणण्यास हरकत नाही.

खेळ सहसा तिघांत होतो. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यास चाळीस पाने. वाटोळी पाने नेहमीप्रमाणे पिसता येत नाहीत, म्हणून ती कापडावर पालथी पसरून मिसळतात. हुकमाचा रंग नसतो. दिवसा खेळ असेल तर ज्याच्या हाती राम, त्याने उतरायचे. रात्री असेल तर ज्याच्या हाती कृष्ण, त्याने. आणखी एक गंमत अशी की, पाच रंगांत प्रधानाच्या खालोखाल दश्शीचा मान, तर उरलेल्या पाचांत एक्क्याचा! त्यामुळे कोणती पाने पडून गेली हे सतत ध्यानात ठेवावे लागते. स्मरणशक्तीला याहून चांगली तालीम क्वचितच मिळेल.

मित्रहो, आपल्या पांढुर्णा-सौसर भागात असा एक संच आपणही करू शकू. आठ गटांनी आठ रंग वाटून घ्यावेत. प्रत्येक गटाने बारा पाने करावीत, म्हणजे 96 पानांचा संच पुरा होईल. चिन्हांसाठी दूर जावयास नको. संत्रे, कापसाचे बोंड, ज्वारीचे कणीस, पोळ्याचा बैल, पळसाचे फूल ही आपल्या नित्य परिचयाचीच आहेत. मात्र चिन्ह असे निवडावे की, ते दहा वेळा काढले तरी पानावर मावेल आणि हातभर अंतरावरूनही ओळखू येईल. संत्रे आणि कापसाचे बोंड दोन्ही गोल. तेव्हा भूमीचे रंग भिन्न ठेवावेत, नाही तर ऐन डावात घोटाळा होईल. चिंचेची झाडे आपल्याकडे आहेतच. चिंचोके भिजवून, सोलून, वाटून शिजविले की खळ तयार. जुने धुवट कापड प्रत्येक घरात सापडते.

एक गोष्ट मात्र विसरू नये. आज सावंतवाडीची गंजिफा पुष्कळदा चौकटीत बसवून भिंतीवर लावण्यासाठी नेली जाते. त्यामुळे कारागिराला काम मिळते, हे चांगलेच. पण खेळणारे उरले नाहीत, तर राजा थोर की प्रधान, एक्का मोठा की दश्शी, हे सांगणारे कोण राहणार? पाने जपली आणि खेळ विसरला, तर लिपी उरावी आणि भाषा जावी, तशी गत होईल. म्हणून आपला संच पुरा झाला की तो कपाटात ठेवू नका. सुटीच्या दुपारी कापड पसरा, पाने मिसळा, आणि आजीआजोबांनाही डावात बसवा. पानांच्या कडा झिजल्या तर झिजू द्या. झिजलेले पान पुन्हा रंगविता येते.