हिवाळी पाहुणे, लेखांक ६ : उतरत्या पाण्याचा काठ

मागच्या लेखांकात आपण उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांची वाट पाहिली. नागपूर परिसरात पोचल्यावर ते नेमके कुठे उतरतात, ते आज पाहू.

नवखा निरीक्षक तलावाच्या भिंतीवर उभा राहतो आणि मधल्या खोल पाण्यावर दुर्बीण रोखतो. तिथे वारकरी असतात, कधी मोठ्या लालसरीचा थवा. बुडी मारून चरणाऱ्यांना खोल पाणी चालते. तलवार बदक, थापट्या, चक्रांग यांना मात्र उथळ पाणीच लागते. तलवार बदक आणि चक्रांग डोके खाली, शेपटी वर करून तळातले बी-किडे टिपतात; थापट्या आपल्या रुंद चोचीने वरचे पाणी गाळत फिरतो. म्हणून भिंत सोडा आणि पाणी जिथे जमिनीत विरते त्या टोकाला जा. उमरेडच्या बाजूचे पारडगाव, सायकी असोत की रामटेकची खिंडसी, आपले हे बहुतेक तलाव माणसाने बांधलेले. सिंचनासाठी पाणी सुटते, पातळी उतरते, चिखलाची नवी पट्टी उघडी पडते. पाखरांचे ताट असे हिवाळाभर वाढले जाते.

पट्टकदंब हंस याच पट्टीवरचे कोवळे गवत खातो. तिबेट-लडाखच्या सरोवरांवरून हिमालय ओलांडून येणाऱ्या या हंसाचे रक्त विरळ हवेतला प्राणवायू इतर हंसांपेक्षा घट्ट धरून ठेवते. यंत्रे बसवलेल्या हंसांनी सात हजार मीटरहून अधिक उंची गाठल्याची नोंद आहे. एवढे करून आलेल्या पाखराला फोटोसाठी उठवू नये, असे मला कळकळीने वाटते.

काठावरची सगळी बदके एकदम उठली, तर वर पाहा. पंख उथळ इंग्रजी ‘व्ही’सारखे धरून दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी गवतालगत तरंगत येत असतो. मासे धरणारा कैकर पाण्यातल्या वठलेल्या झाडावर शोधा. माळावरचे भोवत्ये रात्री उंच गवतात जमिनीवरच झोपतात, म्हणून ‘पडीक’ म्हणून सोडलेला माळही त्यांच्या लेखी पडीक नसतो.

क्रौंचकुळातला सारस पाहायचा तर गोंदिया गाठावे लागते. तो स्थलांतर करत नाही. पावसाळ्यात भाताच्या बांध्यांत आणि तलावांच्या उथळ भागात घरटे करतो, कापणीनंतर तलावांवर दिसू लागतो. त्याच्या रक्षणासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली, इतका तो महाराष्ट्रात दुर्मीळ झाला आहे.

या सगळ्यांचा काठ दोन बाजूंनी आकसतो. एक बेशरमची झुडपे, दुसरी गाळपेर. उघड्या पडलेल्या गाळावर हरभरा पेरणाऱ्याला दोष देणे मला पटत नाही; त्याचेही पोट त्यावर आहे. पण पाण्यालगतची काही हात रुंद पट्टी फेब्रुवारी संपेपर्यंत नांगराविना ठेवण्याचा ठराव ग्रामसभेला करता येईल. बेशरमवर उपाय तर भंडारा-गोंदियातल्या ढिवर समाजाच्या स्त्रियांनी करून दाखवला आहे. तलावांत उतरून त्यांनी ती उपटली, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. मूळ हेतू माशांचा होता, पण त्याच वनस्पतींत बदकांचेही खाणे असते.

पुढच्या आठवड्यात गोंदियाच्या बांध्यांत, सारसांकडे.